डक्टचा रंग : डबा साखरेचा, आत मीठ!

प्रत्येकाच्या घरी स्वयंपाकघरात एक डबा असतो. वर ठसठशीत अक्षरांत 'साखर' लिहिलेलं असतं आणि आत असतं मीठ. आईला ते पाठ असतं, त्यामुळे घरात कुणाचं काही अडत नाही. अडतं ते दुसऱ्याचं. आई गावाला गेली आणि चहा करायची पाळी बाबांवर आली, की त्या डब्याचा प्रताप कळतो.

गेल्या सेमिस्टरच्या ओरलला माझा असाच एक डबा उघडला गेला. चहा प्यायले ते एक्स्टर्नल सर. असो. मार्क गेले ते गेले, त्याबद्दल रडगाणं गायला हा लेख नाही. पण त्या निमित्ताने एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आणि ती आपल्या डिपार्टमेंटलाही लागू आहे असं मला वाटतं, म्हणून हा खटाटोप.

आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट होता एका ३ मजली ऑफिस बिल्डिंगच्या वातानुकूलनाचा. मॉडेल रेव्हिटमध्ये. (मेकॅनिकलवाल्यांनी पुढची चार वाक्यं सोडली तरी चालतील.) एसीची थंड हवा खोलीत आणतो तो सप्लाय डक्ट. खोलीतली हवा पुन्हा थंड करायला एएचयूकडे नेतो तो रिटर्न. आणि टॉयलेट, पँट्री इथली हवा परत न वापरता थेट बाहेर टाकतो तो एक्झॉस्ट. तिन्ही त्याच जीआय पत्र्याचे, ड्रॉइंगवर तिन्ही दोन समांतर रेघा. नुसतं बघून कोणता कुठला ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून रंग द्यायचे. आम्ही ठरवलं : सप्लाय निळा, रिटर्न हिरवा, एक्झॉस्ट लाल.

ठरवणं सोपं. रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मी काय केलं? एकेक डक्ट सिलेक्ट करायचा, राइट क्लिक, 'ओव्हरराइड ग्राफिक्स इन व्ह्यू', 'बाय एलिमेंट', रंग निवडायचा, ओके. पुढचा डक्ट. दोन नाइट मारल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे प्लॅन असा काही दिसत होता की रांगोळी स्पर्धेत पहिला नंबर यावा.

सकाळी गाइड सरांनी बघितलं आणि एकच प्रश्न विचारला, "टॉयलेटची हवा रिटर्नला? अख्ख्या ऑफिसला वास देणार आहेस का?" चूक कबूल. ती शाखा मुख्य रिटर्नपासून तोडली, रिटर्नच्या जाळ्या काढून एक्झॉस्टच्या बसवल्या, पंखा जोडला. रेव्हिटने त्या डक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये निमूटपणे 'एक्झॉस्ट एअर' लिहिलं. पण हाताने दिलेला हिरवा रंग तसाच राहिला. त्याला कोण सांगणार की बाबा, तू आता बदललास? आणि खरी गंमत पुढे आहे. पंख्यापर्यंतचा नवा तुकडा काळा दिसत होता. तो रंगवताना मी आजूबाजूचा हिरवा बघितला आणि त्यालाही हिरवा करून टाकला! म्हणजे माझ्याच रंगाने मलाच फसवलं.

ओरलला एक्स्टर्नल सरांनी शीटवर बोट ठेवलं. "हा टॉयलेटचा रिटर्न?" मी म्हटलं, "नाही सर, एक्झॉस्ट आहे." त्यांनी मॉडेल उघडायला लावलं, डक्टवर क्लिक केलं. एक्झॉस्ट. सर म्हणाले, "मॉडेल बरोबर आहे, शीट चूक आहे. साइटवर पत्रा कापणाऱ्याच्या हातात तू नसतोस, मॉडेलही नसतं. शीट असतं."

यावर बोलायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

त्या रात्री लॅबमध्ये बसून फिल्टर शिकलो. शिकायला लागला अर्धा तास. व्ही आणि जी ही दोन अक्षरं दाबली की 'व्हिजिबिलिटी ग्राफिक्स'ची खिडकी उघडते, त्यात फिल्टरचा टॅब. तिथे तीन गोष्टी सांगायच्या. कशाला लागू : डक्ट, फिटिंग, ॲक्सेसरी, फ्लेक्स डक्ट, एअर टर्मिनल. कोणत्या अटीवर : सिस्टीम क्लासिफिकेशन बरोबर एक्झॉस्ट एअर. आणि अट जुळली तर कसं दिसायचं : लाल. झालं! आता डक्टचा रंग माझ्या झोपाळू डोळ्यांवर अवलंबून नाही. डक्ट एक्झॉस्ट असेल तर लाल दिसेल, उद्या रिटर्न केला तर त्याच क्षणी हिरवा होईल. पुढे हेच सगळं व्ह्यू टेम्प्लेटमध्ये साठवलं की तिन्ही मजल्यांच्या प्लॅनना आणि सेक्शनना एकदम लागू. हाताने दिलेला रंग फक्त त्याच व्ह्यूपुरता असतो. आमचे सेक्शन शेवटपर्यंत काळेच होते, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पहिल्या प्रयत्नात सगळं जमलं असं मात्र नाही. मी यादीत फक्त डक्टवर टिक केलं, तर सरळ डक्ट लाल आणि सगळे बेंड काळे! दुसरं म्हणजे, टॉयलेटचा डक्ट फिल्टर लावूनही हिरवाच. कारण रेव्हिटमध्ये एलिमेंटला हाताने दिलेला रंग फिल्टरच्या वर बसतो. आधी 'रीसेट' मारून जुनी रंगरंगोटी खरवडून काढावी लागली, घराला नवा रंग देण्याआधी पोपडे काढतात तशी. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. किचनचा एक्झॉस्ट आणि टॉयलेटचा एक्झॉस्ट, दोघांचंही क्लासिफिकेशन एकच. पण किचनच्या डक्टमध्ये तेलाचा थर बसतो आणि तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे तो वेगळा ओळखू यायलाच हवा. तिथे अट क्लासिफिकेशनवर न ठेवता सिस्टीम टाइपवर ठेवायची आणि तो फिल्टर यादीत वर ठेवायचा, कारण एकच डक्ट दोन फिल्टरांत बसला की वरच्याचं चालतं. बाहेरून येणाऱ्या ताज्या हवेचंही तेच. सप्लायचा टाइप कॉपी करून 'फ्रेश एअर' बनवला असेल तर क्लासिफिकेशन सप्लायचंच राहतं.

आता कुणी म्हणेल, हे सॉफ्टवेअरचं कौतुक पुरे. पण मुद्दा सॉफ्टवेअरचा नाहीच. रेव्हिट बाजारात आलं २००० साली, ऑटोडेस्कने ते विकत घेतलं २००२ साली. 'आतून काय वाहतं त्यावरून रंग' ही शिस्त त्याच्या आधीची आहे. पॅरिसचं पॉम्पिदू सेंटर १९७७ साली उघडलं. रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या वास्तुविशारदांनी इमारतीची आतडी चक्क बाहेर काढून दाखवली आणि त्यांना रंग दिले : हवा निळी, पाणी हिरवं, वीज पिवळी, माणसांची ये-जा लाल. ते रंग कुणाच्या लहरीवर ठरलेले नव्हते. आपल्याकडेही कारखान्यातल्या पाइपांसाठी आयएस २३७९ हे मानक आहे. आणि आपल्या जुन्या सरांना विचारा, ऑटोकॅडमध्ये ते 'बायलेअर'चा आग्रह का धरायचे. रेघेला स्वतःचा रंग नसावा, ती ज्या लेअरची आहे त्याचा असावा. तीच गोष्ट, नवा अवतार.

एक आक्षेप मला मान्य आहे. फिल्टर लावला म्हणजे डिझाइन बरोबर झालं असं अजिबात नाही. सिस्टीम टाइपच चुकीचा दिला तर फिल्टर इमानदारीत चुकीचाच रंग दाखवेल. टॉयलेटचा डक्ट मी पहिल्यांदा रिटर्नला जोडला तेव्हा फिल्टरनेही तो हिरवाच दाखवला असता. पण तेव्हा चूक एकाच जागी राहते आणि ती दिसते. गाइड सरांनी ती पकडली ती त्या हिरव्या रंगामुळेच. हाताने रंगवलं की मॉडेल एक सांगतं, शीट दुसरंच, आणि कोण खरं ते रंगवणाऱ्यालाही आठवत नाही. शिवाय फिल्टरचा एक फुकटचा फायदा : ज्या डक्टला कुठलीच सिस्टीम मिळालेली नाही, तो काळाच राहतो. त्याचं काळं राहणं हीच ओरड. मी मात्र अशा काळ्या डक्टला शोधून शोधून रंग फासत होतो, म्हणजे ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवत होतो.

आणि आता जे सांगतोय ते रूमीची परवानगी घेऊन. ओरलनंतर रूमवर मी त्याला वैतागून म्हटलं, "अरे, शीट तूही तपासलं होतंस ना? हिरवा दिसला नाही का तुला?" तो जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही." तीन वर्षं एका खोलीत राहतोय आम्ही. रेझिस्टरचे कलर कोड तो लॅबमध्ये शेजाऱ्याला विचारून लिहायचा, ते मला आळशीपणाचं वाटायचं. लाल-हिरव्याचा हा दोष मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. आमच्या हॉस्टेलवर तो एकटाच असेल असं मला वाटत नाही.

मी त्याला काही बोललो नाही, मशीन उघडलं. टेम्प्लेटची एक कॉपी केली, रिटर्नला नारिंगी दिला, एक्झॉस्टला गडद करड्यावर तिरप्या रेघांचा पॅटर्न, आणि प्रत्येक डक्टवर एसए, आरए, ईए असा टॅग. दहा मिनिटं लागली. त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि पहिल्यांदाच, मी काही न सांगता, टॉयलेटची पूर्ण लाइन बोटाने पंख्यापर्यंत नेऊन दाखवली. हेच मी हाताने रंगवत असतो तर आणखी दोन रात्री गेल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर मी त्या घालवल्या नसत्या. तेच शीट नंतर झेरॉक्सवाल्याकडे ब्लॅक अँड व्हाइट काढलं, तरीही वाचता आलं. आधीचं रंगीत शीट झेरॉक्समध्ये नुसती राख झालं होतं.

म्हणून सर आणि मॅडम, तुम्हाला एक नम्र विनंती. सबमिशनला आमची शीट किती रंगीत आहे यावर मार्क देऊ नका. कुठलेही दोन डक्ट निवडा, क्लिक करा, प्रॉपर्टीज आणि रंग जुळतात का बघा. जुळले नाहीत तर खुशाल मार्क कापा. लॅबच्या मशीनवर डिपार्टमेंटचं एकच टेम्प्लेट ठेवा, फिल्टर, पॅटर्न आणि रंगांची सूची यांच्यासकट. प्रत्येक ग्रुपचा रिटर्न वेगळ्या रंगाचा असेल, तर तुम्हाला तरी तपासताना काय कळणार?

आणि ज्युनिअर मंडळी, तुम्हाला एवढंच : पहिला डक्ट काढायच्या आधी फिल्टर बनवा. अर्धा तास जातो, दोन नाइट वाचतात. त्या दोन नाइट झोपा, कारण झोपाळू माणूस काळ्या डक्टला हिरवा रंग देतो हे मी स्वानुभवाने सांगतोय.

परवा सुट्टीत घरी गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या त्या डब्यावरचं 'साखर' खरवडून 'मीठ' लिहिलं. आई म्हणाली, "कशाला? मला माहितीये की आत काय आहे ते." मी म्हटलं, "तुला माहितीये गं. बाबांचं काय?"