खरा वारस कोण?

सन 2024 च्या लोकसभेच्या निवडणुकींत करवीरच्या राजघराण्यांतील श्रीशाहू छत्रपति काँग्रेसतर्फे कोल्हापुरांतून उभे राहिले व बहुमतानें निवडून आले. त्या प्रचाराच्या धामधुमींत एक जुना वाद उकरून काढण्यांत आला. 1962 सालच्या दत्तकविधानाकडे बोट दाखवून गादीचा खरा वारस कोण, असा प्रश्न जाहीर सभेंत विचारला गेला. मतदारांनीं आपला निकाल दिला. परंतु असा प्रश्न राजकारणांत एकदां शिरला म्हणजे तो मतमोजणीबरोबर संपत नाहीं. तो पुढच्या निवडणुकीस पुन्हां डोकें वर काढतो. म्हणून त्याचा विचार निवडणुकीचा गलबला नसतांनाच केलेला बरा.

प्रश्न करणारांस एका गोष्टीचा विसर पडला. ज्या राजर्षि शाहू महाराजांच्या नांवानें या जिल्ह्यांतील प्रत्येक पक्ष मतें मागतो, ते स्वतः दत्तकच होते! कागलच्या घाटगे घराण्यांत 1874 सालीं यशवंतराव या नांवानें त्यांचा जन्म झाला. चौथे शिवाजी महाराज 1883 च्या डिसेंबरांत अहमदनगर येथें इंग्रजांच्या देखरेखीखालीं वारले, व 17 मार्च 1884 रोजीं आनंदीबाई राणीसाहेबांनीं या दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतलें. राजकोट व धारवाड येथें शिक्षण झाल्यावर 2 एप्रिल 1894 रोजीं राज्याचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. तेव्हां दत्तकपणा हा जर दोष असेल, तर तो प्रथम कोणाच्या पदरीं पडतो याचा विचार टीकाकारांनीं करावा.

कायद्याच्या दृष्टीनें दत्तक पुत्र हा पुत्रच होय. वाडा, जमीन, जडजवाहीर त्यास मिळेल; परंतु कीर्ति हा कोणत्याही वारसा कायद्यांत बसणारा माल नव्हे. ती ज्याची त्यानें मिळवावी लागते. आणि महाराजांनीं ती कशी मिळविली हें पाहूं लागल्यास मोठी मौज दिसते. वारशाच्या हक्कानें गादीवर बसलेल्या या राजानें आपली सर्व शक्ति वारशाचे हक्क मोडण्याकडे लाविली.

राज्यसूत्रें हातीं आलीं तेव्हां दरबारच्या सामान्य कारभारांतील 71 जागांपैकीं 60 जागा एका ब्राह्मण जातीकडे होत्या. 26 जुलै 1902 रोजीं, महाराज विलायतेंत असतांना, त्यांचा हुकूम निघाला कीं, यापुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या. पण नुसती जागा राखून भागत नाहीं, ती भरणारा मनुष्य तयार व्हावा लागतो. म्हणून 1901 पासून मराठे, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकामागून एक समाजांचीं वसतिगृहें कोल्हापुरांत उभीं राहिलीं. 1917 सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें झालें, व मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. 1918 सालीं वंशपरंपरेचीं कुळकर्णी वतनें बंद होऊन पगारी तलाठी आले. त्याच सालीं महार वतनाची वेठही कायद्यानें उठविण्यांत आली. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यांत बांधणारी दोरी येथें दोन्हीं टोकांनीं कापली गेली.

व्यापारी वाचकांस वेगळें सांगणें नकोच. शाहूपुरीची पेठ महाराजांनीं 1895 सालीं वसविली, आणि कोल्हापुरी गुळाचें नांव देशभर गेलें त्यांत या पेठेचा वांटा केवढा, हें आडत्यांच्या वह्याच सांगतील. राधानगरीच्या धरणाचें काम त्यांनींच आरंभिलें. तें पुरें झालेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. 6 मे 1922 रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला तेव्हां त्यांचें वय अवघें 47 वर्षांचें होतें.

आमचें पत्र राष्ट्रीय मताचें आहे, तेव्हां एक कबुली आम्हांस दिलीच पाहिजे. महाराजांनीं इंग्रजी सत्तेशीं मैत्री ठेविली व महायुद्धांत तिला सैनिक पुरविले, हें आम्हांस त्या काळीं रुचलें नसतें, आजही रुचत नाहीं. परंतु राष्ट्रीय म्हणविणाऱ्या पत्रांनीं वेदोक्त प्रकरणांत काय केलें? प्रत्यक्ष छत्रपतींस शूद्र ठरवून वेदमंत्र नाकारणाऱ्या भिक्षुकशाहीची पाठराखण केली. स्वराज्य मागणाऱ्यांनीं शेजाऱ्याचा मनुष्यपणा नाकारावा, आणि परसत्तेशीं मिळतें घेणाऱ्यानें तो द्यावा, असा विपरीत प्रकार त्या वेळीं घडला. 1920 च्या मार्चांत माणगांवच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांस अस्पृश्यांचे पुढारी म्हणून ज्यांनीं मनापासून गौरविलें, त्यांस देशाचें हित कळत नव्हतें असें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

तथापि उणीव होती, ती दुसरीकडे. हें सर्व एका पुरुषाच्या इच्छेवर उभें होतें. हुकूम ज्या हातानें निघतो त्याच हातानें तो मागें घेतां येतो. प्रजेस जबाबदार असें राज्य महाराजांच्या कारकीर्दींत आलें नाहीं. त्यासाठीं 1939 पासून माधवराव बागल प्रभृतींच्या प्रजा परिषदेस झगडावें लागलें. 1 मार्च 1949 रोजीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि 1971 च्या घटनादुरुस्तीनें राजेरजवाड्यांचे तनखे व मान्यता दोन्ही गेलीं. तेव्हांपासून राजपुत्र निवडणुकीस उभा राहतो तो एक नागरिक म्हणून, आणि मतदार त्यास मत देतो तोही मालक म्हणून.

कोल्हापूरच्या मतदारानें ही मालकी चालवून दाखविली आहे. 2009 सालीं याच घराण्यांतील उमेदवारास त्यानें घरीं बसविलें. 2024 सालीं त्याच घराण्यास दिल्लीस धाडलें. मुजऱ्याच्या संवयीनें मत देणारा मनुष्य असें करीत नाहीं. मग त्याच मतदारापुढें दत्तकपत्राचा कागद नाचविणें हा त्याच्या बुद्धीचा उपमर्द नव्हे काय?

थोर घराण्यांतील उमेदवारास, आणि आमदार-खासदारांच्या पोटीं जन्मून गादी चालवूं पाहणाऱ्या नव्या सरदारपुत्रांसही, एकच प्रश्न विचारावा: जन्मानें मिळालेल्या हक्कांपैकीं आपण आपल्या हातानें काय सोडलें, आणि कोणास दिलें? साखर कारखान्याची खुर्ची, बँकेची गादी, शिक्षणसंस्थेचें अध्यक्षपद हीं आज नवीं वतनेंच झालीं आहेत. तीं बापाकडून मुलाकडे निमूटपणें जातात, आणि सर्वसाधारण सभेंत हात वर करणारे आम्ही तुम्हीच असतों! शाहूजयंतीस पुतळ्यास हार घालून परत येतांना ज्यानें हा हात एकदां तरी खालीं ठेविला, राजर्षींचा खरा वारस तोच. त्यास दत्तकपत्राची जरुरी नाहीं.