आधी परतीची नदी

स्कॉटलंडच्या हायलँड्समधले डोंगर उंचीत फसवतात. बेन नेव्हिस हे ब्रिटनमधलं सर्वोच्च शिखर 1345 मीटरचं. आपलं कळसूबाई त्याहून तीनशे मीटरनं उंच. सह्याद्रीत पाय मुरलेला ट्रेकर हे आकडे पाहून निर्धास्त होतो आणि घोडं तिथेच पेंड खातं. त्या डोंगरांचा हिशोब मीटरांत नव्हे, पाणी आणि तास यांत मांडायला हवा.

वायव्येकडचं फिशरफील्ड घ्या. हमरस्त्यापासून दोन-अडीच तास चालल्यावर शेनाव्हालची बॉथी लागते: वीज नाही, नळ नाही, दाराला कुलूप नाही, असं दगडी घर. 1965 साली स्थापन झालेल्या माउंटन बॉथीज असोसिएशनचे स्वयंसेवक ते सांभाळतात. तिथे मुक्काम करायचा, पहाटे निघून माथ्यांची लांबलचक धार पालथी घालायची आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच यायचं, असा बहुतेकांचा बेत असतो.

वेळ काढायला विल्यम नेस्मिथ यांचा 1892 चा नियम अजून वापरतात: दर पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी एक. पंचवीस किलोमीटर आणि दोन हजार मीटर चढाई धरली, तर सव्वाआठ तासांहून अधिक. यात विसावा नाही, धुक्यात नकाशा लावून उभं राहणं नाही, घोट्यापर्यंत रुतवणारी दलदलही नाही. जूनमधला लांबलचक उजेड हे सगळं पोटात घालतो. ऑक्टोबरचा दिवस घालत नाही.

खरी परीक्षा मात्र धारेवर नसतेच. शेवटचा माथा उतरून बॉथीकडे येताना दोन नद्या आडव्या येतात आणि त्यांवर पूल नाही. सकाळी पोटरीभर असलेलं पाणी दिवसभराच्या पावसानं संध्याकाळी ओलांडण्याजोगं राहत नाही. समोर बॉथी दिसते आणि पाय थकलेले असतात. नेमक्या अशा वेळी माणसं पाण्यात उतरतात. म्हणून बेत आखताना बोट आधी या नद्यांवर ठेवावं, माथ्यांवर नंतर.

माथे मोजण्याचा नाद इथे फार नडतो. तीन हजार फुटांवरच्या डोंगरांना 'मन्रो' म्हणतात. ह्यू मन्रो यांनी 1891 मध्ये त्यांची यादी छापली. फिशरफील्डच्या धारेवर असे सहा मन्रो होते. 2012 मध्ये नव्या मोजणीत त्यांतला बेन अ ख्लाइव्ह अर्ध्या मीटरहूनही कमी फरकानं उणा पडला आणि यादीतून गळाला. डोंगर होता तिथेच आहे, पण आकड्यामागे धावणारे आता त्याला वगळतात. यादीसाठी डोंगर सोडता येतो, तर पावसासाठी का सोडता येऊ नये?

हे आग्रहानं म्हणायचं कारण म्हणजे तिथली पर्वतीय बचाव पथकं. ती स्वयंसेवकांची असतात आणि सुटका झालेल्याकडून पैसे घेत नाहीत. हातातलं काम टाकून अंधारात निघणाऱ्या या माणसांसाठी तरी घरी वाट आणि परतीची वेळ लिहून ठेवावी.

आणि अंदाज पावसाचा असेल, तर शेनाव्हालचा हट्ट सोडून पूल्यू गावाकडून कार्नमोरमार्गे आ व्हाय्चन हा माथा गाठावा. वाट लांब आहे, पण वाटेतल्या सरोवरावर दगडी बांध आहे आणि शेनाव्हालच्या त्या दोन नद्या मध्ये येत नाहीत. सगळी धार होत नाही. शेजारचा रुआ स्टाक मोर धरून दोन माथे होतात.