यकृताचे औषध आणि व्यापाऱ्याचे इमान

सिंधुदुर्गात कावीळ म्हटली की भुईआवळी आठवते. हळद आणि कोकमाचे आगळ तर प्रत्येक घरात असते. वनस्पतींवरील हा पिढीजात विश्वास म्हणजे आपल्या व्यापाऱ्यांकडची अमानत आहे. म्हणूनच "यकृतातील शिसे, पारा बाहेर काढणारा अर्क" अशी चिठ्ठी लावून बाटली विकण्याचा मोह कोणाला होत असेल, तर आम्ही स्पष्ट सांगू इच्छितो की ही तिजारत नव्हे.

विज्ञानाने वनस्पतींना नाकारलेले नाही. शिसे, कॅडमियम, पारा हे धातू शरीरातील ग्लुटाथायोन हे रक्षक द्रव्य निकामी करतात आणि यकृताच्या पेशी उघड्या पडतात. हळदीतील कर्क्युमिन दिल्यावर ही हानी कमी झाल्याचे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. परंतु उंदरांवरून माणसाची हमी देता येत नाही. विषबाधा झालेल्या माणसाला आधी त्या धातूपासून दूर न्यावे लागते आणि गरजेप्रमाणे डॉक्टरी औषध द्यावे लागते. बाटलीच्या भरवशावर तो घरी बसला, तर त्याचे नुकसान कोण भरून देणार?

शिवाय औषधातच विष असू शकते. 2004 साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. त्यांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. पुढे 2006 पासून भारत सरकारने निर्यातीच्या वनौषधींना जड धातूंची तपासणी सक्तीची केली. दहा लाख भागांत शिसे 10 पेक्षा व पारा 1 पेक्षा जास्त नसावा, अशी मर्यादा आहे. आम्ही विचारतो, मालवणच्या गिऱ्हाइकाचे यकृत परदेशच्या गिऱ्हाइकापेक्षा स्वस्त आहे काय? बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून शिशाचे क्रोमेट मिसळले जात होते, हे 2019 च्या संशोधनात उघड झाले.

आमच्या मते उपाय आवाक्यातले आहेत. हळद पूड न घेता हळकुंडे घेऊन दळावीत. आंबट आगळ पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात न ठेवता काचेत अथवा स्टीलमध्ये ठेवावे. कल्हईला शिसे न मिसळलेले कथील वापरावे. चार-पाच व्यापाऱ्यांनी खर्च वाटून घेऊन मालाची प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि दाखला दुकानात लावावा. औषध म्हणून माल तयार करून विकायचा असेल तर परवाना घ्यावा. नाहीतर कोकम हे कोकम म्हणूनच विकावे.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे नाव सर्वांचे आहे; एकाच्या खोट्या चिठ्ठीने सर्वांचा माल बदनाम होईल. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांचे आपण अनुयायी आहोत. आपल्या मालात कोणी हात घातला तर काय सापडेल, याचा विचार प्रत्येक व्यापाऱ्याने करावा. बरकत त्यातच आहे.