मैदानात दागिना नको, अपमानही नको

वस्त्यांमधल्या मुली आता शाळेच्या बास्केटबॉल संघात दिसू लागल्या आहेत. पण सामना सुरू होण्याच्या तोंडावर पंच एखादीच्या कानाकडे बोट दाखवतात आणि सगळ्यांसमोर सुनावतात, "काढ ते, नाहीतर बाहेर बस." मुलगी रडवेली होते. आई म्हणते, "एवढ्याशा बाळीनं काय होतंय?" आणि भांडण जुंपते. आम्ही दवाखान्यात जखमा बांधल्या आहेत, आणि मुलींनी खेळावे म्हणून घरोघर फिरतोही. आमचे मत असे की नियम बरोबर आहे, तो राबवण्याची रीत मात्र सुधारली पाहिजे.

भारतातल्या अधिकृत स्पर्धा 'फिबा' या जागतिक बास्केटबॉल संघटनेच्या नियमांनी खेळल्या जातात. दुसऱ्या खेळाडूला इजा होईल अशी वस्तू अंगावर नको, नखे कापलेली हवीत आणि दागिने चालणार नाहीत, असे त्यात लिहिले आहे. सोने असो की खोटे, मोठे असो की लहान, फरक नाही.

कारण शरीराचे आहे. उडी मारताना अंगठी बास्केटच्या जाळीत किंवा समोरच्याच्या जर्सीत अडकते आणि अंगाचे सगळे वजन खाली येते. अशा वेळी बोटाची कातडी हातमोज्यासारखी सोलून निघू शकते. रक्तवाहिन्या तुटल्या तर बोट गमवावे लागते. बाळी ओढली गेली की कानाची पाळी फाटते. काचेची बांगडी फुटली तर घालणारीला लागते आणि शेजारचीलाही.

"चिकटपट्टी लावून खेळ" म्हणणारे पंच दयाळू वाटतात, पण ती दया खोटी आहे. कानावर चेंडू आदळला की पट्टीखालची काडी कानामागे रुतते. आज एकीला सूट, उद्या दुसरीला नाही, याने पंचावरचा विश्वासही जातो.

मग पंचांनी काय करावे? सामन्याच्या 20 मिनिटे आधी मैदानावर आल्यापासून पंचांचे अधिकार सुरू होतात. तपासणी तेव्हाच करावी. दोन्ही संघांना एकत्र उभे करून, सगळ्यांना सारखेच शब्द वापरून सांगावे. कोणाच्या अंगाला हात लावू नये, मुलीने स्वतः काढावे. मनगटातला धागा किंवा गळ्यातले लॉकेट पाहून "तुमच्यात हे चालतं का?" असे विचारणे पंचाचे काम नाही. लग्न झालेल्या खेळाडूला मंगळसूत्रावरून टोमणा मारणे तर मुळीच नाही. काढले की खेळू द्यावे, विषय तिथेच संपवावा.

मुलगी का काढत नाही, हेही समजून घ्या. पुष्कळदा तिच्या कानात असते तेच घरातले एकुलते सोने. हरवले तर घरी काय सांगणार? म्हणून आयोजकांनी पाकिटे ठेवावीत, वर नाव लिहावे आणि प्रशिक्षकाच्या सहीने जमा करून घ्यावे. खर्च काहीच नाही, मुलीची भीती मात्र जाते.

नियम बदलूच शकत नाही असेही नाही. 2014 साली चीनमधल्या वुहानच्या स्पर्धेत अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग या भारतीय खेळाडूंना पगडी उतरवून खेळावे लागले. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई खेळांत हिजाब काढायला नकार देऊन कतारच्या मुलींनी सामना सोडला. आवाज उठला आणि ऑक्टोबर 2017 पासून फिबाने डोके झाकण्याला अटी घालून परवानगी दिली. कापडाने जखम होत नाही, धातूने होते, हा फरक ध्यानात ठेवावा. नियम खटकला तर संघटनेकडे लेखी मागणी करावी. ऐन सामन्यात पंचाशी वाद घालून मुलीचाच खेळ बुडतो.

आजाराची खूण म्हणून कडे किंवा पदक घालणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलमध्ये असे पदक चिकटपट्टीने बांधून घालता येते. आपल्याकडे सोपा उपाय म्हणजे सिकलसेल, फिट किंवा मधुमेह असलेल्या मुलीचे कार्ड सामन्याआधी प्रशिक्षकाच्या हाती द्यावे आणि पंचांनाही कल्पना द्यावी. विदर्भातल्या घरांनी हे विसरू नये.

आयांनो, थोडे तुमच्याकडेही. मुलीचे कान स्पर्धेच्या दिवसांत टोचू नका. पाळीचे भोक भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर कानातले काढले तर ते बुजू शकते. म्हणून स्पर्धा संपल्यावर टोचा. सामन्याच्या दिवशी अंगठी, साखळी, पैंजण घरीच ठेवा. अंगठी घट्ट असेल तर आदल्या रात्री साबण लावून काढा. बोट सुजले असेल तर ओढू नका, दवाखान्यात जा.

कान फाटला तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि टाके घालायला न्या. रक्त थांबून जखम पूर्ण झाकल्याशिवाय खेळाडूला पुन्हा मैदानात येता येत नाही, हाही नियमच आहे.

दागिना दोन तास पाकिटात राहिला तर काही बिघडत नाही. चारचौघांत अपमान झालेली मुलगी मात्र पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही. पंचांनी शिट्टी तोंडात धरण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.