फोटो-प्रिंटर घेताना सांधा बघा

शेंदूरजनाघाटात संत्र्याची कलमं घ्यायला आलेला जाणता शेतकरी हिरव्या पानांना भुलत नाही. तो खाली वाकतो. जंबेरीच्या खुंटावर डोळा किती उंचीवर भरलाय, सांधा नीट जुळलाय का, हे बोट लावून बघतो. घरी फोटो छापायचा प्रिंटर घेणाऱ्या माझ्या गाववाल्यांना हीच विनंती आहे. खोक्यावरचं रंगीत चित्र बघून पैसे मोजू नका. यंत्र घरात कुठं बसणार आणि तुमच्या मोबाइलशी कसं जुळणार, ते आधी बघा.

प्रिंटर घ्यावा, असं माझं मत आहेच. आमच्या आजीचे शेवटच्या दोन वर्षांतले सगळे फोटो एकाच मोबाइलमध्ये होते. ओलिताच्या वेळी तो पाटात पडला आणि सगळे गेले. तिच्या लग्नातला काळा-पांढरा फोटो मात्र अजून भिंतीवर आहे.

घरगुती फोटोसाठी मुख्यतः दोन जाती. एक रिबीनवाली, कॅननच्या ‘सेल्फी’सारखी. वजन किलोच्या आत, पोळ्यांच्या डब्याएवढा आकार, कागदाचा ट्रे समोरून खोचायचा. छपाई चालू असताना कागद चार वेळा आत-बाहेर होतो: पहिल्या फेरीत पिवळा, मग किरमिजी, मग निळा, आणि शेवटी वरून पारदर्शक थर. पिवळ्या धुक्यातून नातवाचा चेहरा हळूहळू उमटताना बघायला घरातली म्हातारी माणसंही उठून येतात. पण दर फेरीला कागद मागच्या फटीतून बाहेर डोकावतो. भिंतीला टेकवून यंत्र ठेवलं की तो अडतो आणि फोटो वाया जातो. म्हणून मागे वीतभर जागा हवीच. फडताळाच्या अरुंद फळीवर हे यंत्र चालणार नाही.

दुसरी जात शाईच्या टाकीची. जास्त फोटो काढणाऱ्याला ती स्वस्त पडते, कागदही मोठा घेता येतो. पण शाई ज्या छिद्रांतून उडते ती केसाहून बारीक असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो; महिनाभर यंत्र बंद राहिलं की शाई तिथंच वाळते. आठवड्यातून एक रंगीत पान काढायची शिस्त असेल तरच ही घ्या. वर्षातून चार-सहा सणांनाच फोटो छापणाऱ्या घराला रिबीनवालीच बरी. रिबीन वाळत नाही, आणि कागदासोबत मोजून येत असल्यामुळे एका फोटोचा खर्च आधीच कळतो.

धूळ दोघांचीही वैरी. कागदावर कण बसला की फोटोत पांढरा ठिपका उरतो. काम झालं की ट्रे काढा, झाकण लावा, वर धुतलेलं फडकं टाका.

आता जोडणी. सगळ्यात जास्त माणसं इथं अडतात आणि यंत्राला दोष देतात. असे बरेच प्रिंटर वायफायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टाच ओळखतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्‌झवर ठेवला असेल तर प्रिंटरला तो दिसतच नाही. घरी राउटर नसेल तरी बिघडत नाही. प्रिंटर स्वतःचं वायफाय सोडतो, मोबाइल थेट त्याला जोडता येतो. मात्र त्या वायफायवर इंटरनेट नसतं, त्यामुळे मोबाइल आपणहून डेटावर उडी मारतो आणि छपाई अर्ध्यात थांबते. तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवा. वायफायवरच विसंबू नका. मेमरी कार्डाची किंवा पेनड्राइव्हची खाच असलेलं यंत्र घ्या. घरात मोबाइलमधलं फारसं न कळणारं कुणी असेल तर ही खाचच उपयोगी पडते.

व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. चार बाय सहा इंचाच्या चांगल्या फोटोला साधारण १२०० बाय १८०० ठिपके लागतात. म्हणून पुण्यातल्या लेकीला सांगा, फोटो ‘डॉक्युमेंट’ करून पाठव. चार बाय सहाच्या एकाच कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ पासपोर्ट फोटो बसतात. पोरांच्या फॉर्मसाठी फोटो काढायला वरूडला जायची एक फेरी वाचते.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. वापरलेल्या रिबिनीवर तुमचा फोटो जसाच्या तसा उलट्या रंगांत उरतो, उजेडात धरला की चेहरा ओळखू येतो. घरातल्या बायकामुलींचे फोटो, आधार कार्डाची प्रत, सगळं त्यात असतं. ती रिबीन कात्रीने बारीक कापूनच टाका.

आणि दुकानात जाताना स्वतःचा मोबाइल न्या. तुमच्याच मोबाइलवरून, तुमच्याच घरातल्या माणसाचा एक फोटो तिथं छापून घ्या. दुकानदार नाही म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.