भटकंती : पेंडलच्या पायथ्याशी

मंडळी, यंदाच्या भटकंतीला सह्याद्रीची सर नाही. लँकेशायरमधली पेंडल हिल जेमतेम 557 मीटर, सिंहगडाच्या निम्मीही नाही. नाव मात्र तिहेरी. जुन्या केल्टिक बोलीत ‘पेन’ म्हणजे टेकडी. पुढच्यांनी त्याला ‘हिल’ जोडलं, त्याचं ‘पेंडल’ झालं आणि मग पुन्हा ‘हिल’. म्हणजे टेकडी-टेकडी-टेकडी!

चढायचं बार्ली गावातून. शेवटचा चढ उभा, दगडी पायऱ्यांचा. तासाभरात माथा. वर झाड नाही, वारा भन्नाट. पायथ्याभोवती न्यूचर्च, रफली, डाउनहॅम ही वाडीएवढी गावं, मेंढ्या आणि दगडी गडगे. कोकणातलं माणूस इथे लगेच रमतं.

पण अशा वाड्यांत सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि 1612 साली तेच भोवलं. ॲलिझन डिव्हाइस नावाच्या मुलीने वाटेत एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. तो नाही म्हणाला आणि थोड्याच वेळात कोसळला. आजचे डॉक्टर पक्षाघात म्हणतील. तेव्हा ते चेटूक ठरलं. मग जुनी भांडणं उकरून निघाली. ॲलिझनची आजी डेमडाइक आणि दुसऱ्या घरातली चॅटॉक्स, दोघी ऐंशीच्या घरातल्या, गरीब, भीक मागून आणि मंत्र-उपचार करून पोट भरणाऱ्या. दोन्ही घरांनी एकमेकांवर बोट दाखवलं. नऊ वर्षांच्या जेनेटने कोर्टात टेबलावर उभं राहून सख्ख्या आईविरुद्ध साक्ष दिली. डेमडाइक तुरुंगातच गेली. ऑगस्टमध्ये लँकेस्टरला दहा जण फासावर चढले.

आता इथल्या दुकानांत झाडूवर बसलेल्या चेटकिणी विकायला असतात. हॅलोविन आपल्या दिवाळीच्या आगेमागेच येतो. मुलं काळ्या टोप्या घालतात. घालू देत. पण एकदा त्यांना रफलीला न्या. तिथे फाशी गेलेल्या ॲलिस नटरचा पुतळा 2012 मध्ये बसवला आहे, हातांत बेड्या घातलेला. माझ्या नातीने तो पाहून विचारलं, “आजी, शेजारच्यांपैकी कुणीच कसं म्हणालं नाही, की ही तशी नाही?”

मी तिला आपल्याकडचं सांगितलं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो 2013 मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर. म्हणजे हा पुतळा बसल्यावर एका वर्षाने.

जाल तेव्हा विंडचीटर न्या, आणि मुलांच्या प्रश्नांसाठी थोडा वेळही.