समितीवर नाव आहे, मग माणूसही हवा



तळेगाव नावाची गावे आपल्या मुलखात कमी नाहीत. पुण्याकडे तळेगाव दाभाडे, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर, आणि खुद्द वर्धा जिल्ह्यात तळेगाव टालाटुले. म्हणून आष्टी तालुक्यातल्या तळेगावाला पत्र घालायचे तर कंसात ‘श्यामजी पंत’ लिहावेच लागते, नाहीतर पत्र भलत्याच गावी फिरून येते. नागपूर-अमरावती हमरस्त्यावरचे हे गाव. आर्वीकडे आणि आष्टीकडे जाणारे रस्ते इथूनच फुटतात. एसटीचे आगार आहे, सगळे जग दारावरून जाते. पण गावाचा कारभार काही हमरस्त्यावर चालत नाही. तो चालतो शाळेच्या वऱ्हांड्यात, अंगणवाडीच्या ओट्यावर आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत. आज बोलायचे आहे ते तिथल्या कारभाराविषयी. तळेगावाचे निमित्त, बाकी गोष्ट तुमच्या-आमच्या सगळ्याच गावांची.

समजा, अशाच एका गावात एक सून आहे. मूल तिसरीत शिकते. एक दिवस मास्तरांचा निरोप येतो, “ताई, शाळेच्या समितीवर तुमचे नाव घातले आहे, इथे सही करा.” ती सही करते. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी पोरगा वही घेऊन घरी येतो, पुन्हा सही. सभा कधी झाली, काय ठरले, काही पत्ता नाही. एखाद्या दिवशी ती म्हणते, या खेपेला मी स्वतः जाऊन बसते. तर घरातून उत्तर येते, “वेच्याचे दिवस आहेत, बाईमाणसाचे तिथे काय काम? सही दे म्हणजे झाले.” आता तिने काय करावे? नाव काढून घ्यावे, नुसती सही करीत राहावे, की जाऊन बसावे?

उत्तर देण्याआधी या समित्या कुठून आल्या ते पाहू. आपला वर्धा जिल्हा पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९४८ साली तिथे जनपद सभा सुरू झाल्या. गावाकडच्या माणसांनी आपला कारभार आपण पाहावा, असा त्यामागचा विचार होता. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. पुढे १९९३ साली घटनेची ७३वी दुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. निवडून येणारे थोडे आणि गाव मोठे, म्हणून निरनिराळ्या कामांसाठी गावातल्या साध्या माणसांच्या समित्या आल्या. या कामाला पगार नाही आणि खुर्चीचा थाटही नाही. पण कायद्याने दिलेला अधिकार आहे, आणि तोच आपल्याला ठाऊक नसतो.

शाळेचेच घ्या. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आली. तीत निदान पाऊण हिस्सा सभासद मुलांचे आईबाप किंवा पालक असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बाया. म्हणजे त्या सुनेचे नाव कोणी मेहेरबानी म्हणून घातलेले नाही, तिच्यासारख्या आयांवाचून ती समितीच होत नाही. काम काय? शाळा कशी चालते ते पाहणे, शाळेचा विकास आराखडा करणे, आणि आलेले अनुदान कशावर खर्च झाले त्यावर लक्ष ठेवणे. दुपारची खिचडी मुलांना वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी चाखावी आणि त्यांत एक शिक्षक असावा, असा नियम आहे. तांदळात खडा आहे की नाही, वरण पातळ आहे की दाट, हे रोज चूल पेटवणाऱ्या बाईपेक्षा कोणता साहेब जास्त ओळखणार?

दुसरी समिती पाण्याची आणि आरोग्याची. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. पाण्याच्या समितीत निम्म्या बाया हव्यात आणि पाणी तपासण्याच्या पेटीचा वापर गावातल्या पाच बायांना शिकवावा, असे त्यात ठरले आहे. नळ आला म्हणजे पाणी चांगले आले असे नव्हे. विहिरीशेजारी उकिरडा असला, की पहिल्या पावसात काय होते ते वेगळे सांगायला नको. टाकीत टीसीएल पावडर वेळेवर पडते का, हे विचारणारे कोणीतरी हवे. न विचारल्याची किंमत घरातल्या लेकराला हगवण लागली म्हणजे कळते, आणि तेव्हा दवाखान्याचा खर्च कोणत्याही सभेच्या दोन तासांपेक्षा महाग पडतो.

तिसरी तंटामुक्त समिती. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. धुऱ्यावरून, वहिवाटीच्या रस्त्यावरून, सांडपाण्यावरून होणारी भांडणे कोर्टाची पायरी न चढता गावातच मिटावीत, हा हेतू. पुष्कळ ठिकाणी मिटलीही. काही गावांत मात्र बक्षीस मिळाले आणि समिती झोपली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. खून, बलात्कार यांसारखे गंभीर गुन्हे समितीने मिटवायचे नसतात. बाईवर अत्याचार झाला आणि चार पंचांनी “घरातली गोष्ट घरात ठेवा” म्हणून तिला गप्प बसवले, तर त्याला तंटा मिटवणे म्हणत नाहीत.

आता समितीवर जायला माणसे का कचरतात ते पाहू.

पहिली सबब वेळेची, आणि ती खोटी नाही. कापसाचा वेचा, सोयाबीनची सोंगणी, संत्र्याचा बहार, यांना सभेची नोटीस कळत नाही. पण सभेची वेळ कोणी ठरवायची? समितीनेच. दुपारी १२ची सभा मास्तरांच्या सोयीची, तर संध्याकाळची गावाच्या सोयीची. “वेच्याच्या दिवसांत सभा सूर्य मावळल्यावर, नाहीतर बाजाराच्या दिवशी घ्या,” एवढे पहिल्याच सभेत बोलून ठरवून घ्यावे. आणि घरच्यांनाही एक सांगणे आहे. मामाजी पारावर बसतात तेव्हा त्यांना कामाचा खोळंबा दिसत नाही. सून महिन्यातून दोन तास सभेला गेली, तर त्या वेळेपुरता चुलीवरचा भात दुसऱ्या कोणी उतरवावा.

दुसरी सबब, “आम्हाला त्यातले काय कळते?” अहो, ज्याला मजुरीचा, बियाण्याचा आणि सावकाराच्या व्याजाचा हिशेब तोंडी करता येतो, त्याला शाळेच्या अनुदानाचा हिशेब कळत नाही हे कसे मानावे? वाचता येत नसेल तर “मोठ्याने वाचून दाखवा” म्हणायला लाजू नये. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे छोटे गोंड गाव आहे. तिथे आधी अभ्यासगटात बसून माहिती समजून घ्यायची, मग ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने ठरवायचे, असा रिवाज त्यांनी पाडला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तिथली माणसे काही वकील नव्हती. एकत्र बसायचे आणि कळेपर्यंत विचारायचे, एवढे त्यांनी सोडले नाही.

तिसरी सबब सर्वांत खरी, आणि ती कोणी उघड बोलत नाही. वाईटपणा कोणी घ्यायचा? सरपंच भावकीतले, मास्तर सोयऱ्यांच्या ओळखीचे, कंत्राटदार उद्या ट्रॅक्टर देणारा. हिशेब विचारला की बोलणे बंद. यावर उपाय एकच, तो म्हणजे विचारणारे एकटे असू नये. पाचामुखी परमेश्वर म्हणतात ते उगीच नाही. सभेआधी चार सभासदांनी, विशेषतः बायांनी, एकत्र बसून ठरवावे की आज अमुक एक गोष्ट विचारायची. आणि विचारताना माणसाकडे बोट न दाखवता कागदाकडे दाखवावे. “तुम्ही पैसे खाल्ले” म्हटले की भांडण होते. “मागच्या सभेनंतर किती रक्कम आली, किती खर्च झाली, पासबुक एकदा सर्वांना दाखवा,” म्हटले की तो हक्काचा साधा प्रश्न होतो. प्रामाणिक माणसाला अशा प्रश्नाचा राग येत नाही. उलट त्याच्यावरचा संशय फिटतो.

चौथी सबब, “शेवटी साहेब करतील तेच होणार.” यातही थोडे सत्य आहे. समिती मास्तरांची बदली करू शकत नाही, नवी टाकी स्वतः बांधू शकत नाही, आणि हाती येणारा पैसाही बेताचा असतो. पुष्कळदा आराखडा पाठवला तरी वर्षभर उत्तर येत नाही. पण लिहिलेला ठराव आणि तोंडी तक्रार यांत फार अंतर आहे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. ठराव दप्तरी राहतो, त्याचा पाठपुरावा होतो. उत्तर आलेच नाही तर माहितीचा अधिकार कायदा २००५ आहे. १० रुपयांच्या फीचा अर्ज करता येतो आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आणि गाव एकदा एकदिलाने उठले तर काय होते, याचा दाखला लांब शोधायला नको. तळेगावाच्या शेजारच्या आर्वी तालुक्यात काकडदरा म्हणून कोलाम वस्तीचे लहान गाव आहे. २०१७ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत या गावाने राज्यात पहिले बक्षीस मिळवले, ५० लाख रुपयांचे. एप्रिल-मेच्या उन्हात ४५ दिवस कुदळ-फावडे घेऊन माणसे राबली. गाव करी ते राव न करी, ही म्हण त्यांनी खरी केली. पण हेही लक्षात घ्या की घाम गाळण्याआधी कुठे खोदायचे आणि कोणी यायचे, हे कुठेतरी बसून ठरवावे लागते. ते बसणे म्हणजेच समितीचे काम. श्रमदानाचे फोटो निघतात, बसून ठरवण्याचे निघत नाहीत, म्हणून ते काम हलके समजू नये.

आता त्या सुनेला आणि तिच्यासारख्या सर्वांना चार व्यवहाराच्या गोष्टी.

कोऱ्या पानावर सही करू नये, मग समोर कोणीही असो. आधी इतिवृत्त, म्हणजे प्रोसिडिंग बुक, वाचून घ्यावे किंवा वाचून दाखवायला सांगावे, मगच सही. आपण सभेला नव्हतो तर हजेरीची सही करू नये. त्या सहीचा अर्थ ‘मी होते, मला मान्य आहे’ असा होतो, आणि उद्या चौकशी लागली तर ती आपल्याच गळ्याशी येते.

दर सभेला एकच प्रश्न न्यावा. दहा प्रश्न नेले की एकाचेही उत्तर मिळत नाही. या महिन्यात खिचडीचा तांदूळ, पुढच्या महिन्यात मुलींच्या संडासाचे दार, त्यापुढे पिण्याच्या पाण्याची टाकी. वर्षाला बारा प्रश्न झाले.

नवऱ्याने बायकोच्या जागी जाऊन बसू नये. कारभाऱ्यांना फार हौस असेल तर त्यांनी ग्रामसभेत बोलावे, ती सर्वांना मोकळी आहे.

आणि तीन-चार सभा बसूनही खरोखर जमत नसेल, घरी आजारी माणूस असेल, अंगावर लहान लेकरू असेल, तर रीतसर कळवून जागा मोकळी करावी. त्यात कमीपणा नाही. नाव ठेवून न जाणे मात्र वाईट, कारण त्या जागी बसू शकणारी दुसरी आई बाहेर राहते.

ग्रामसभा वर्षातून निदान चार वेळा व्हायला हवी. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ती भरते. तिच्याआधी बायांची वेगळी महिला सभा घ्यावी, असे कायदाच सांगतो. येत्या सभेची दवंडी ऐकली, की आधी ग्रामपंचायतीत जाऊन एवढेच विचारा, “आपल्या गावात कोणकोणत्या समित्या आहेत, आणि त्यांवर कोणाकोणाची नावे आहेत?” यादी हातात घ्या आणि संध्याकाळी घरी सर्वांसमोर वाचा. कोण जाणे, त्यांत तुमचेही नाव निघेल.